पानं कुरतडू द्या

फुलपाखरं यावीत म्हणून बहुतेक जण आधी फुलझाडं लावतात. फुलं हवीतच, पण मकरंदासाठी आलेलं फुलपाखरू पोट भरलं की निघून जातं. बागेत त्याच्या पिढ्या वाढायच्या असतील तर मादीला अंडी घालायला झाड हवं, आणि ते कुठलंही चालत नाही. पानावर बसल्यावर ती पायांनीच चव घेते. झाड आपल्या अळीच्या खाण्याचं नसेल तर पुढे जाते.

म्हणून आधी खाद्यवनस्पती निवडा. लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम आणि कॉमन मॉर्मन ही फुलपाखरं वाढतात, रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो, खोट्या अशोकावर टेल्ड जे, बहाव्यावर एमिग्रंट. जागा कुंड्यांपुरतीच असेल तर लिंबूवर्गीय झाडच घ्या, पण एकच घेऊन भागत नाही. पूर्ण वाढीच्या दोन-तीन अळ्या हातभर उंचीचं रोप निष्पर्ण करतात आणि मग उपाशी मरतात. बारा इंची कुंड्यांत निदान तीन रोपं असू द्या. एकावरचा पाला संपला तर अळ्या फांदीसकट उचलून दुसऱ्यावर ठेवता येतात. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. कण्हेर सगळीच विषारी असते. घरात लहान मूल किंवा पाळीव जनावर असेल तर ती वगळलेली बरी.

लाइमचं अंडं फिकट पिवळं, मोहरीपेक्षा लहान, कोवळ्या पानावर एकेकटं असतं. त्यातून निघणारी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पुष्कळदा ती नकळत पुसली जाते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती विकतच्या रोपांमुळे. रोपवाटिकेत आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं असेल तर ते पानांत, परागकणांत, मकरंदात उतरलेलं असतं. रोप टवटवीत दिसतं, अंडी पडतात, आणि अळ्या दोन-तीन दिवसांत गळून पडतात. पाण्याने धुऊन ते जात नाही. लिंबू आणि कढीपत्ता बियांपासून सहज येतात, म्हणून रोप घरीच करावं असा आमचा आग्रह आहे. फक्त बी ताजं हवं. वाळवून ठेवलेल्या बियांची उगवण फार लवकर संपते.

कडुनिंबाचं तेल नैसर्गिक आहे म्हणून निर्धास्तपणे फवारलं जातं. त्यातल्या घटकामुळे अळीची कात टाकण्याची क्रियाच बिघडते, आणि ती कोणत्या फुलपाखराची आहे हे तेलाला कळत नाही. मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, दिसला तरी थोडं थांबा. ढालकिडे (लेडीबर्ड) आणि त्यांच्या अळ्या मावा खातात, पण मावा पुरेसा झाल्याशिवाय त्यांची मादी तिथे अंडी घालत नाही. पहिल्याच आठवड्यात फवारलं तर मावा पुन्हा वाढतो आणि त्याला खाणारे मात्र येतच नाहीत. शेंडा वळायला लागला तर पाण्याची जोरदार धार मारा. बरेच मावे पडतात, तेवढं पुरतं.

अळ्या टिकल्या की पक्षी येतात. एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. काही अळ्या पक्ष्यांच्या पोटात जाणार हे धरूनच चाला. म्हणूनही रोपं जास्त हवीत.

पाण्यासाठी ३० ते ४० सेंमी रुंदीचं, खडबडीत मातीचं पसरट भांडं घ्या. मध्ये खोली पाच सेंमीहून जास्त नको, कडेला दोन. गुळगुळीत तळावर पक्ष्यांचे पाय घसरतात आणि खोल पाण्यात ते अंघोळीला उतरत नाहीत. एक चपटा दगड पाण्याबाहेर डोकावेल असा ठेवा, मधमाश्यांना टेकायला. भांडं दाट झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरतं. झुडूप दोनेक मीटरवर असलं की उडून जायला आसरा मिळतो आणि मांजरही दिसतं. दर दोन दिवसांनी पाणी ओतून टाका आणि भांडं ब्रशने घासा, साबण नको. उन्हाळ्यात डासाचं अंडं ते डास हा प्रवास आठवड्याभरात उरकू शकतो, त्यामुळे यात चालढकल नको. शेजारी ओल्या वाळूची एक ताटली ठेवली तर फुलपाखरं, विशेषतः नर, क्षारांसाठी चिखलपानाला उतरतात.

एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांपैकी बहुतेक जमिनीत बिळं करतात. त्यांच्यासाठी उन्हातली मीटरभर जमीन उघडी सोडा. पालापाचोळा, फरशी, पाणी काहीच नको. बाकीच्यांसाठी वाळलेल्या लाकडाच्या ओंडक्यात तीन ते दहा मिमी व्यासाची, दहा-पंधरा सेंमी खोल भोकं पाडा. मागची बाजू बंद राहू द्या आणि तोंड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर कुसळांत पंख फाटतात. ओंडका दोन वर्षांनी बदला. जुन्या भोकांत कोळी-किडे आणि बुरशी साठते. झाडांखालचा पालापाचोळा मात्र झाडून काढू नका, त्यात गोगलगायी, पाली, बेडूक सगळ्यांचा निवारा असतो.

रात्रभर जळणारा बागेतला दिवा बंद ठेवा, पतंग त्याभोवती फिरून थकून मरतात. उंदरांसाठी विषारी गोळ्या टाकू नका. तो उंदीर घुबडाने खाल्ला की विष घुबडाला भिनतं.

छाटणीला कात्री लावण्याआधी फांद्या जवळून बघा. दोन पानं कडेने शिवल्यासारखी जुळलेली दिसली तर आत शिंपी पक्ष्याचं घरटं असू शकतं, आणि पिल्लं उडेपर्यंत ती फांदी वाट पाहू शकते. कोष कुंडीच्या कडेला, भिंतीवर, खिडकीच्या चौकटीतही असतात. भिंत धुण्याआधी तिथेही नजर टाका.