आठ खाकी रुमाल आणि टँकरचं पाणी

सापडलं! झेंडूत रंगवलेले रुमाल पिवळ्याऐवजी खाकी का निघाले, याचं सहा दिवस शोधत होते ते कारण चहाच्या तीन कपांत सापडलं, म्हणून हंडी गॅसवर ठेवून आधी इथे लिहायला बसले आहे.

बेत तुम्हाला माहीत आहेच. आजी फराळाचं ताट विणलेल्या रुमालाने झाकून शेजारी पाठवायची. तसाच यंदा झेंडूत रंगवलेला रुमाल फराळाच्या डब्याला बांधून द्यायचा आणि तो त्याच घरी राहू द्यायचा. चकचकीत कागद नको, प्लास्टिकची पिशवी नको. घरं २४, रुमाल २४. कापड सासऱ्यांच्या जुन्या धोतरांचं, रुमालामागे साधारण ३० ग्रॅम. झेंडू दसऱ्याचा, आमच्या तोरणांचा आणि कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशींकडे रात्री उरलेला. त्यांनी पोतंभर दिला, पैसे घेतले नाहीत. पहिला रुमाल त्यांचाच.

पहिली आठ रुमालांची बॅच दसऱ्यानंतर दोन दिवसांनी केली. तिचं पिवळं पाहून घरातले सगळे गॅलरीत जमले. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दुसरी बॅच केली, सगळं तेच आणि तसंच. २४० ग्रॅम कापड, त्याच्या वजनाच्या २० टक्के हिरडा म्हणजे ४८ ग्रॅम, १५ टक्के तुरटी म्हणजे ३६ ग्रॅम (दोन्ही कापडाने रंग धरावा म्हणून), सुकलेल्या पाकळ्या कापडाच्या वजनाइतक्या. तरी रुमाल खाकी निघाले. मळकट, हिरवट, कडेला करड्या डागांचे.

पहिला संशय देठांवर गेला. फुलाखालचा हिरवा भाग राहिला तर पिवळं मळतं, हे आपण सगळे जाणतो. पण पाकळ्या मी स्वतः निवडल्या होत्या. मग वाटलं, स्कावरिंग, म्हणजे रंगवण्याआधी कापडातला तेलकटपणा काढणारी धुलाई, कमी पडलं. उरलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर तो टेकताक्षणी आत शिरला. म्हणजे कापड स्वच्छ होतं. तिसरा संशय रंग गडद करायला ठेवलेल्या माझ्या लोखंडाच्या पाण्यावर होता. गंजके खिळे आणि गूळ घातलेली ती बरणी त्याच ओट्यावर असते. हंडी, चमचा, बादली, सगळं राखेने घासलं, बरणी गच्चीत नेऊन ठेवली आणि दोन तुकडे पुन्हा रंगवले. पुन्हा खाकी!

चौथा संशय हिरड्यावर होता, आणि त्यात दोन दिवस गेले. गेल्या वर्षी हिरड्याची पावडर ऑनलाइन मागवली होती, ती जुनी आणि भुशासारखी निघाली. तेव्हापासून मी पावडर घेतच नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खे हिरडे आणते, फोडून बी काढते आणि खलबत्त्यात कुटते. नवीन रंगवणाऱ्यांनाही हेच सांगेन. अख्खा हिरडा हातात घेऊन पाहता येतो, पावडरीत काय मिसळलंय ते कळत नाही. तर नवे हिरडे आणले, कुटले, भिजवले. आणि या वेळी पहिल्यांदाच मी त्या हिरड्याच्या पाण्याकडे नीट पाहिलं. ते पिवळसर असायला हवं होतं, पण जांभळट करडं दिसत होतं. झेंडू अजून लांबच होता.

हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळं होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई याच गुणावर होते. म्हणजे लोखंड पाण्यातच होतं! वॉचमनदादांना विचारलं तर म्हणाले, "ताई, दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवसापासून टँकर चालू आहे की. बोअरचं पाणी आहे ते." पहिली बॅच त्याच्या आदल्या दिवशीची.

मग तीन कप मांडले. एकात फिल्टरचं पाणी, दुसऱ्यात बहिणीच्या घरून बाटलीत आणलेलं महापालिकेचं, तिसऱ्यात टँकरचं. प्रत्येकात चिमूटभर हिरडा. पहिले दोन फिक्या चहासारखे राहिले आणि तिसरा पाच मिनिटांत करडा झाला. मी टाळ्या वाजवल्या. नव्या ठिकाणी रंगवायला बसाल तर कापड भिजवण्याआधी ही चाचणी जरूर करा, पाच मिनिटांचं काम आहे.

पुढचा प्रश्न पाण्याचा. फिल्टरचं वापरणार नाही. आरओ फिल्टरमध्ये एक लिटर गाळताना बहुधा त्याहून जास्त पाणी वाया जातं, आणि जो रुमाल कचरा वाचवायला केला त्याच्यासाठी पाणी फेकणं मला पटत नाही. बोअरचं पाणी काढल्यावर नितळ दिसतं, पण बादलीत रात्रभर ठेवलं की तळाशी तांबूस गाळ बसतो. हवा लागली की विरघळलेलं लोखंड गंजून खाली बसतं. म्हणून रात्री या बादलीतून त्या बादलीत उंचावरून वीस-पंचवीस वेळा ओतलं, सकाळी वरचं पाणी चौपदरी धोतरातून गाळलं. कपात बराच फरक दिसला, पण करडी झाक पूर्ण गेली नाही. त्या पाण्यात स्कावरिंग आणि शेवटची धुलाई निभावेल, हिरडा नाही.

आणि काल संध्याकाळी परतीचा पाऊस आला! गच्चीत हाताला येतील ती पातेली, परात, टब, सगळं मांडलं. तीन बादल्या पाणी मिळालं. तिसरी बॅच त्याच पाण्यात आत्ता हंडीत आहे. उकळी येऊ देत नाही, वाफ धरली की आच मंद. मघाशी एक तुकडा काढून पाहिला, लिंबासारखा फिका पिवळा होता. दुसऱ्या वाटीत चिमूटभर धुण्याचा सोडा घालून तो बुडवला आणि डोळ्यांदेखत झेंडूचं तेच सोनपिवळं आलं. तो तुकडा आता माझ्या टेबलावर आहे आणि मी सारखी त्याच्याकडे बघते आहे.

आता ते आठ खाकी. पुन्हा लोखंडात घालून गडद मेहंदी रंग करायचं ठरवलं होतं. पण धोतर जुनं आहे, आणि लोखंड जास्त झालं की सूत कुजतं, रुमाल वर्षभरात घडीवर फाटेल. मोरचूद (तांब्याचा विषारी क्षार) तर नकोच, हे कापड अन्नाजवळ राहणार आहे. हे लिहितानाच दुसरं सुचलं. भांड्यावरचा गंज आपण लिंबाने काढतो. मग कापडातलं लोखंड का नाही निघणार?

थांबा, करून आले. खाकी तुकड्यावर काडीने लिंबाच्या रसाचे चार ठिपके दिले. दहा मिनिटांत चारही जागी करडेपणा गेला आणि खाली फिकं पिवळं उमटलं. रस थोडा पसरतो, म्हणून त्यात भिजवलेला डिंक घालावा लागेल. ठिपके उमटले की लगेच सोड्याच्या पाण्यात खळबळायचं, कारण आंबटही सुताला खातंच.

म्हणजे बेत बदलला. खाकी रुमालांवर ठिपक्यांची रांगोळी, सात ठिपक्यांच्या सात ओळी, मधे कमळ. हे आठ आता भाऊबीजेला जातील. पिवळ्या सोळांपैकी आठ वाळले आहेत आणि आठ हंडीत. वसुबारसेला पाच दिवस आहेत. डिंक आज रात्रीच भिजत घालते. लिंबाऐवजी चिंचेचा कोळ कुणी वापरून पाहिला असेल, तर डाग राहतो का ते कळवा. नाहीतर उद्या एका तुकड्यावर मीच करून बघेन.