कोल्हापूरचा १५ ऑगस्ट : सकाळची हलगी, रात्रीचा डॉल्बी

२०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी दहीहंडी होती आणि रविवारी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन ठरले होते. सहा जिल्ह्यांतील वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशके ज्यासाठी आंदोलने केली ते न्यायालय प्रत्यक्ष सुरू होणार म्हणून शहरभर कमानी आणि फलक लागले होते, आणि त्या तीन दिवसांत लॉजवर खोली मिळणे जवळजवळ अशक्य झाले होते. माझी सोय झाली ती एका मैत्रिणीच्या काका-काकूंकडे, जुन्या कोल्हापुरातील एका पेठेत. आज मला त्याचा आनंद वाटतो, कारण लॉजच्या बंद खोलीत राहिले असते तर या शहराचा स्वातंत्र्यदिन मला दिसलाही नसता आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ऐकूही आला नसता.

अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि पन्हाळा यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. पन्हाळ्यावर धुके इतके दाट होते की समोरचा बुरूजही दिसला नाही. श्रावण असल्यामुळे काकूंच्या घरी तांबड्या-पांढऱ्या रश्शाचे नावही निघत नव्हते. हे सर्व एवढ्यावरच सोडून मी शुक्रवारच्या सकाळीकडे वळते.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दोन दिवशी कोल्हापूर जिलेबी खाते. आदल्या संध्याकाळपासूनच चौकाचौकांत मांडव पडतात, मोठ्या चुलाणांवर कढया चढतात, आणि झेंडावंदन झाले की घरातील एक तरी माणूस पिशवी घेऊन रांगेत उभा राहतो. मिठाईची दुकाने तर विकतातच, पण कित्येक ठिकाणी गल्लीतील तरुणही स्टॉल लावतात. काकांनी मला आदल्या रात्रीच बजावले होते, ‘‘झेंडावंदन झालं की जिलबी, मग चहा. आमच्याकडं ह्यो क्रम मोडत न्हाई.’’

झेंडावंदनाला आम्ही पेठेतील एका लहान शाळेत गेलो. पटांगण छोटे होते आणि ध्वनिक्षेपक लावलेला नव्हता. राष्ट्रगीतानंतर सहावीतील एक मुलगी पुढे आली आणि चीनच्या युद्धातील हुतात्म्यांवरचे ते गीत गाऊ लागली, जे लता मंगेशकर यांनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत प्रथम गायले. कवी प्रदीप यांचे शब्द आणि सी. रामचंद्र यांची चाल आपल्या पिढीने शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात इतक्या वेळा ऐकली आहे की अनेकदा ती कानावरून निघून जाते. त्या दिवशी तसे झाले नाही. मुलीचा आवाज बारीक होता, मागच्यांना नीट ऐकू येत नव्हते, म्हणून फाटकापाशी उभे असलेले पालक, रिक्षावाले आणि दूध घालायला आलेला माणूस असे सगळे हळूहळू पुढे सरकले. कोणी सांगितले नव्हते, तरी पावसात छत्र्या मिटून लोक एकमेकांच्या जवळ उभे राहिले. दुसऱ्या कडव्यापासून बायका तिच्याबरोबर गुणगुणू लागल्या. लतादीदींच्या तरुणपणातील काही वर्षे याच शहरात, मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत काम करताना गेली, हे काकूंनी मला कानात सांगितले. त्यांच्या स्वरात माहेरच्या माणसाविषयी बोलावे तसा अभिमान होता.

तेथून प्रभातफेरी बिंदू चौकाकडे निघाली. पुढे मुलांचे लेझीम पथक आणि त्यांच्यासमोर हलगी, घुमके व कैताळ वाजवणारे तिघे होते. कोल्हापुरात कुस्तीचे मैदान, लग्नाची वरात आणि फुटबॉलचा विजय यांतील काहीही हलगीशिवाय पुरे होत नाही. पण पावसाने त्या दिवशी तिचे कातडे सैल पडले होते, आणि कडकडून वाजायला हवी तेथे ती भदभद वाजत होती. लेझीमची मुले ठेका चुकू लागली. तेव्हा हलगीवाले थांबले आणि सरळ जिलेबीच्या मांडवाकडे गेले.

त्या सकाळचा हा भाग मला विस्ताराने लिहायचा आहे, कारण घरी परतल्यापासून मी सर्वाधिक विचार त्याचाच करते आहे. रांगेत त्या वेळी साठ-सत्तर माणसे असतील आणि त्यांपैकी अनेक जण तासभर तिष्ठत होते. तरीही हलगी घेऊन येणारा माणूस पाहताच रांग मधोमध फाकली. जिलेबी सोडणाऱ्या आचाऱ्याने हात न थांबवता पायानेच एक लाकूड बाहेर ओढले, चुलाणाची एक बाजू मोकळी केली आणि म्हणाला, ‘‘या मामा, शेका.’’ हलगीवाल्यांनी हलगी जाळासमोर धरली, फिरवली, बोटाने टिचकी मारून नाद पाहिला, पुन्हा धरली. आता सगळी रांग तो नाद ऐकत होती. कोणी म्हणे अजून कच्ची आहे, कोणी म्हणे झाली. माझ्या पुढे उभे असलेले एक वयस्कर मुसलमान गृहस्थ, ज्यांचे गल्लीच्या टोकाला कापडाचे छोटे दुकान आहे आणि ज्यांनी आपली अर्धी छत्री माझ्यावर धरली होती, ते मला समजावून सांगू लागले की कातडे जास्त तापले तर फाटते आणि कमी तापले तर बोलत नाही. अखेर हलगीवाल्यांनी जाड आणि बारीक काडी हातात घेऊन तेथेच एक तोडा वाजवला. रांगेतल्या सगळ्यांचे खांदे हलले. आचाऱ्याने द्रोणात चार जिलेब्या घालून त्यांच्यापुढे केल्या. त्यांनी त्या सर्वांसमोर, त्याच मांडवात उभे राहून खाल्ल्या आणि ते पुन्हा फेरीला जाऊन मिळाले.

हलगी वाजवण्याचे काम ज्या समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्यांना त्याच मिरवणुकीच्या पंगतीत बसू दिले जात नव्हते, हे आपण विसरता कामा नये. याच शहरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले तेव्हा त्यांच्या हातचा चहा घ्यायला लोक तयार नव्हते, म्हणून शाहू महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही द्यायला लावत. त्या मांडवातील चार जिलेब्यांना इतका इतिहास आहे. बिंदू चौकात फेरी पोहोचली तेव्हा महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यांना हार घातले गेले. प्रजासत्ताक अस्तित्वात आले त्याच वर्षी, ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असतानाच माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते तेथे उभे राहिले. हलगी तेथे सर्वांत मोकळी वाजली.

घरी आल्यावर काकांच्या आईंनी, ज्यांना सगळी गल्ली आजी म्हणते, मला सांगितले की त्यांच्या लहानपणी १५ ऑगस्ट उजाडला तेव्हा कोल्हापूर संस्थानच होते. ते मुंबई प्रांतात विलीन झाले १ मार्च १९४९ रोजी. त्या काळच्या फेरीत झांजा असायच्या आणि घराघरांतून माणसे मागे येऊन मिळायची, एवढे त्यांना स्पष्ट आठवते. आजींचे हृदय आता नाजूक आहे, म्हणून त्या दारातूनच फेरी पाहतात.

दुपारी चौकात टेम्पोतून स्पीकरच्या भिंती उतरल्या. डॉल्बी दुसऱ्या दिवशीच्या दहीहंडीसाठी होता, पण चाचणीच्या नावाखाली तो संध्याकाळी सहालाच सुरू झाला. सकाळी त्या मुलीने गायलेले गीतच प्रथम लागले. मात्र त्याखाली असा ठेका घातलेला होता की शब्द कानापर्यंत येण्याआधी छातीवर धक्का बसत होता. उंच स्वर भिंतीने थोडा तरी अडतो, पण खर्ज अडत नाही. काकूंच्या मांडणीतील पितळी डबे एकमेकांवर वाजू लागले आणि आजी पलंगाची कड घट्ट धरून बसल्या. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या सभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. हे सर्व मला पाठ आहे, पण त्या वेळी कुणाशी बोलायचे तर ओरडावे लागत होते.

काका खाली गेले, मीही गेले. पोरे उद्धट नव्हती, हे प्रामाणिकपणे लिहायला हवे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. काका म्हणाले, ‘‘वाजवा की, पर म्हातारीच्या काळजाचा बी इचार करा.’’ त्यावर एक जण म्हणाला, ‘‘काका, आज पंधरा ऑगस्ट हाय. देशाची गाणी बी वाजवायची न्हाईत व्हय?’’ आजूबाजूचे चार जण आमच्याकडे पाहू लागले आणि काका गप्प झाले. आवाज कमी करा एवढेच म्हणणारा माणूस एका वाक्यात देशाविरुद्ध बोलणारा ठरला. राष्ट्रीय सणाच्या दिवशीच्या या युक्तिवादाचा मला मनापासून संताप येतो, कारण त्यापुढे शेजारी शेजाऱ्याशी बोलू शकत नाही.

तरी त्याच मुलाचे दुसरे बोलणेही मी येथे नोंदवते. तो शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, एका फौंड्रीत कामाला आहे. ‘‘ताई, वर्षभर आमी दुसऱ्याच्या मशिनीचा आवाज ऐकतोय. दोन दिवस आमचा आवाज ऐका की,’’ असे तो म्हणाला. मला त्याला उत्तर देता आले नाही. ज्याला सभागृहात, समितीत, वर्तमानपत्रात कोठेच बोलायला मिळत नाही, त्याला वर्गणी काढून भाड्याने आणलेला हा आवाज स्वतःचा वाटतो, आणि त्या वाटण्यात खोटे काही नाही. मात्र सकाळच्या हलगीत आणि या आवाजात मला जो फरक जाणवला तो असा, की हलगी वाजवणाऱ्याला समोरचा चेहरा दिसतो. आजारी माणसाच्या दाराशी त्याचा हात आपोआप हलका पडतो, लहान मूल नाचू लागले तर तो त्याच्या पायांसाठी ठेका बदलतो, आणि शेवटी तो दमतो. स्पीकरच्या भिंतीमागे बसलेल्याला यांतले काहीच दिसत नाही आणि यंत्र दमत नाही.

आठनंतर देशभक्तीची गाणी मागे पडली. नावे घेऊन डिवचणारी, कोणाला तरी धडा शिकवण्याची भाषा करणारी गाणी सुरू झाली, आणि दोन स्पीकर वळवून गल्लीच्या टोकाकडे तोंड करून ठेवण्यात आले. तेथे मुसलमानांची काही घरे आहेत. ज्या शहरातील बाबूजमाल तालमीसारख्या तालमींत गणपती आणि मोहरमचे पंजे एकाच छताखाली बसतात, त्या शहरात हे पाहणे मला फार जड गेले. ७ जून २०२३ रोजी मोबाईलवरील स्टेटसवरून येथे बंद, दगडफेक आणि लाठीमार झाला होता आणि इंटरनेट थांबवावे लागले होते. ती आठवण या गल्लीत अजून ताजी आहे, हे लोकांनी खिडक्या किती लवकर लावून घेतल्या यावरून कळत होते.

सकाळचे छत्रीवाले गृहस्थ दुकानाचे शटर अर्धे ओढून आत बसले होते. मी जाऊन त्यांना विचारले, त्रास होतो आहे का. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘गाणं वाईट न्हाई ओ. ह्यातली निम्मी पोरं माझ्या दुकानात कापड घेऊन वाढलीत. पण आमच्याकडं तोंड करून लावत्यात, त्येचं वाईट वाटतं.’’ लोकप्रिय गाण्याने माणसे जोडली जातात की तुटतात, यावर मी आजवर जे काही वाचले आहे त्या सर्वांपेक्षा हे वाक्य मला अधिक नेमके वाटते. सकाळी गाणे ऐकू यावे म्हणून माणसे जवळ आली होती. रात्री तेच गाणे आणि त्यामागून आलेली इतर गाणी कोणाच्या तरी दाराकडे रोखलेली होती.

दहा वाजता पोलिसांची गाडी आली आणि डॉल्बी बंद झाला. दहीहंडीसाठी मी थांबले नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने निघाले. रविवारचे उद्घाटन मी दूरचित्रवाणीवर पाहिले.

गणेशोत्सवाच्या तोंडावर काकूंचा फोन आला. मंडळाच्या बैठकीत काकांनी विसर्जनासाठी हलगी-घुमक्याचे पथक आणावे असे सुचवले होते आणि कापड दुकानदारांनी त्यासाठी वेगळी वर्गणीही देऊ केली होती. पोरांनी सगळे ऐकून घेतले, परंतु डॉल्बीची आगाऊ रक्कम आधीच दिली गेली होती. स्पीकरची तोंडे गल्लीच्या टोकाकडे करायची नाहीत, एवढे मात्र त्यांनी सर्वांसमोर मान्य केले, आणि तो मुद्दा फौंड्रीतल्या त्या मुलानेच लिहून घेतला. काका यावर समाधानी नाहीत आणि मीही नाही. विसर्जनाच्या दिवसापुरते आजींना कसबा बावड्याला लेकीकडे पाठवायचे ठरले आहे.