झाकली मूठ, अडीच स्टार: शिकागोच्या बुकिंगची नोंद

या वेळची नोंद एकाच प्रश्नावर आहे: नाव झाकलेली खोली, म्हणजे पैसे भरल्यावरच हॉटेलचं नाव कळतं अशी स्वस्तातली खोली, घेताना किती स्टारची घ्यायची? कितीला पडली, सूट किती मिळाली हे आपण एकमेकांना हौसेनं सांगतो, पण स्टार ठरवायचं काम बरेच जण फिल्टरवर एक टिचकी मारून उरकतात. माझ्या मते निम्मं बुकिंग तिथेच जमतं किंवा फसतं.

निमित्त होतं भाच्याच्या पदवीदानाचं. वालचंदमधून इंजिनिअर होऊन तो इलिनॉयला, अर्बाना-शँपेनला एमएसला गेला. मे महिन्यात दादा, वहिनी आणि आई असे तिघं सांगलीहून निघाले. खोल्यांचं खातं आमच्या घरात कायम माझ्याकडेच असतं. रात्री जेवणंखाणं आवरून बसायचं, म्हणजे तिकडे साधारण दुपार झालेली असते.

समारंभाच्या रात्रींसाठी खोल्या मी झाकलेल्या भावात शोधल्याच नाहीत. हॉटेल नाव लपवून खोली विकतं ते ती रिकामी जाणार असं दिसायला लागल्यावर. रात्र सरली की त्या खोलीचे पैसे गेलेच. पण उघड भाव पाडला तर वर्षभर खोल्या घेणाऱ्या कंपन्या आणि नेहमीची गिऱ्हाइकं उद्या तोच भाव मागणार, म्हणून नाव झाकायचं. विद्यापीठाच्या गावात पदवीदानाच्या आठवड्यात रिकामी खोलीच नसते, तर लपवणार काय? तिथलं बुकिंग खूप आधी, उघड आणि रद्द करता येईल असं केलं. खरी गंमत पुढच्या शिकागोच्या रात्रींची होती.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. प्राइसलाइन ही अमेरिकेतली बुकिंगची साइट. १९९८ मध्ये ती सुरू झाली ती ‘आपला भाव आपणच सांगा’ या पद्धतीवर. हॉटेलसाठी तुम्ही भाग आणि स्टार निवडायचे, आकडा टाकायचा. कुणी हो म्हटलं की कार्डावरून पैसे गेले, मग नाव कळणार. त्या पद्धतीत तुम्ही दिलेला स्टार म्हणजे तळ असायचा. तीन मागितले तर साडेतीन किंवा चारही पदरात पडू शकायचे, म्हणून जुने खेळाडू मुद्दाम खालून सुरुवात करायचे. आज प्राइसलाइनच्या एक्सप्रेस डीलमध्ये किंवा हॉटवायर या तशाच साइटच्या हॉट रेटमध्ये भाव आधीच लिहिलेला असतो, स्टारही. बोली नाही, वर सरकणं नाही. म्हणून जुना सल्ला आज जसाच्या तसा वापरू नका. आता स्टार हा तुमचा डाव नाही, ती समोरच्यानं लावलेली चिठ्ठी आहे आणि ती वाचता आली पाहिजे.

ही चिठ्ठी अमेरिकेत सरकार लावत नाही. एएए ही मोटारवाल्यांची संस्था हिरे देते, फोर्ब्ज ट्रॅव्हल गाइड स्टार देतं, आणि बुकिंगच्या साइट आपापले वेगळे स्टार लावतात. एकच हॉटेल एका ठिकाणी तीन, दुसऱ्या ठिकाणी साडेतीन दिसतं. त्यामुळे ज्या साइटवर झाकलेली खोली बघताय, त्याच साइटच्या उघड, म्हणजे नावांसकट दिसणाऱ्या यादीशी ताडून बघायचं, दुसरीकडच्या स्टारशी नाही.

आता मुख्य मुद्दा. स्टार निवडताना त्या पायरीवरचं सगळ्यात चांगलं हॉटेल डोळ्यासमोर आणू नका. त्या भागात, त्या पायरीवर सगळ्यात खाली कोण आहे ते शोधा आणि स्वतःला विचारा: हेच माथी आलं तर माझ्या माणसांना चालेल का? चालत असेल तरच पुढे जायचं. उघड यादी त्या भागाची, तेवढ्याच स्टारची लावायची आणि पाहुण्यांनी दिलेल्या गुणांवरून खालची तीन-चार हॉटेलं नीट वाचायची. मी वरची हॉटेलं हल्ली उघडतच नाही.

असं बघायला लागलं की पायऱ्या वेगळ्याच दिसतात. दोन स्टारमध्ये हायवेची दुमजली मोटेल येतात. खोल्यांची दारं बाहेरच्या गॅलरीत उघडतात आणि बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते. तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा आणि गुडघे धरलेली आई, म्हणजे ती पायरी बाद. अडीच स्टारमध्ये हॅम्प्टन इन, हॉलिडे इन एक्सप्रेस, फेअरफील्ड या जातीची हॉटेलं मिळतात: सकाळचा नाश्ता फुकट, लिफ्ट, बहुतेक खोल्यांत फ्रिज, बऱ्याच ठिकाणी मायक्रोवेव्ह. आपल्या माणसांना याचं मोल किती आहे ते सांगायला नको. मायक्रोवेव्हमध्ये भात, वर घरून नेलेलं मेतकूट, आणि आई जेवली म्हणजे सगळा प्रवास सुरळीत. चार स्टारला गेलात की उलट होतं. खोली झकास, पण नाश्ता विकत, फ्रिज असला तर मिनीबारचा, आणि शिकागोच्या मध्यवस्तीत रात्रीचं पार्किंगच साठ-सत्तर डॉलर. भाच्यानं भाड्याची गाडी आधीच परत केली म्हणून चार स्टारचा विचार तरी करता आला.

सगळ्यात बेभरवशाची पायरी तीन स्टारची. तिच्यात कालपरवा उघडलेलं नीटनेटकं हॉटेल असतं आणि चाळीस वर्षांपूर्वी थाटात उघडून आता थकलेलंही असतं. लॉबी, रेस्टॉरंट, बँक्वेट हॉल सगळं असल्यामुळे त्या थकलेल्याचा स्टार टिकून राहतो. गालिच्याला ओलसर वास येतो, ते स्टारमध्ये कुठे दिसत नाही.

हे शेवटच्या रात्री अगदी उघडं पडलं. परतीचं विमान ओहेअरहून होतं, म्हणून विमानतळाजवळ रोझमाँटच्या बाजूला एक रात्र हवी होती. समोर दोन झाकलेल्या खोल्या: तीन स्टार ९८ डॉलर, अडीच स्टार ११२ डॉलर. अर्धा स्टार जास्त आणि वर १४ डॉलर कमी, कुणीही पहिली उचलेल. पण तिथल्या तीन स्टारच्या उघड यादीचा तळ पाहिला तर दोन हॉटेलांचे गुण दहापैकी सातच्याही खाली, नाश्ता विकत, आणि एसीच्या आवाजाच्या तक्रारी पानभर.

अडीचचा तळ मात्र स्वच्छ होता. मग कोणतं हॉटेल असेल याचा हिशेब मांडला. चिठ्ठीवर फुकट नाश्ता, आतला पोहण्याचा तलाव, विमानतळाची शटल, कपडे धुण्याची सोय, आणि ‘२० टक्के सूट’. उघड यादीला हेच चार फिल्टर लावले तर तीनच हॉटेलं उरली, १२६, १३९ आणि १७१ डॉलरची. ११२ ला ०.८ ने भागलं की १४० येतात, म्हणजे १३९ वालं. पैसे भरल्यावर नाव तेच निघालं. पण मला त्यापेक्षा समाधान याचं होतं की अंदाज चुकून उरलेल्या दोनांपैकी एखादं आलं असतं तरी आई आरामात झोपली असती. सूट कधी जुन्या भावावरून मोजलेली असते, तेव्हा हा भागाकार गडबडतो. तळ मात्र गडबडत नाही.

मध्यवस्तीत, म्हणजे लूप आणि रिव्हर नॉर्थच्या भागात, गणित दिवसांवर फिरतं. तिथली मोठी चार स्टार हॉटेलं ऑफिसच्या पाहुण्यांवर चालतात, त्यामुळे रविवारची रात्र सहसा सगळ्यात स्वस्त. तीन आणि चार स्टारमधलं अंतर त्या रात्री इतकं कमी होतं की चार घेणंच शहाणपणाचं ठरतं. पण मे महिन्यात मॅककॉर्मिक प्लेसला, म्हणजे शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनाच्या हॉलला, रेस्टॉरंटवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, शनिवार ते मंगळवार. ते चालू असताना रविवारचा नियम साफ कोसळला होता, चार स्टारचे भाव बघवत नव्हते. आम्ही तोवर भाच्याकडेच थांबायचं ठरवलं आणि प्रदर्शन उठल्यावरच्या दोन रात्री चार स्टारमध्ये घेतल्या. शहर आणि तारखा ठरल्या की तिथल्या प्रदर्शनाच्या हॉलचं वेळापत्रक आधी बघा, भाव नंतर.

पलंगांचं तेवढं सगळ्यांनी लक्षात ठेवा. झाकलेल्या बुकिंगमध्ये खोली दोन माणसांची धरलेली असते, एक मोठा पलंग की दोन याची सहसा हमी नसते. वहिनींना मागच्या एका खेपेला रात्री अकरा वाजता एकच किंग पलंग मिळाला होता, काउंटरवरचा मुलगा हात वर करून मोकळा. तेव्हापासून नाव उघडलं की त्याच दिवशी मी हॉटेलला थेट फोन लावते: दोन क्वीन पलंग, आणि शक्य असेल तर टबाऐवजी उभ्यानं अंघोळ करता येईल अशी खोली. उंच काठाच्या टबात पाय टाकणं आईच्या वयाला धोक्याचं आहे. विनंती ती विनंतीच, पण आधी फोन केलेल्याला सहसा मिळते. काउंटरवर अनामत म्हणून कार्ड मागतात, तिथे फॉरेक्स कार्ड पुढे केलं की पैसे बरेच दिवस अडकून बसतात, म्हणून दादांना खरं क्रेडिट कार्ड बरोबर दिलं होतं.

युरोपसाठी मी हा खेळ व्हिसा हातात पडेपर्यंत खेळत नाही. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो आणि झाकलेलं बुकिंग रद्द होत नाही. स्टारचं म्हणाल तर तिकडे बऱ्याच देशांत ते ठरलेल्या निकषांवर मिळतात, २००९ पासून हॉटेलस्टार्स युनियन या तिकडच्या गटाची निकषांची सामायिक यादीही आहे. पण त्या यादीत सोयी मोजतात, खोली किती थकली आहे ते नाही. तळ तिथेही वाचावाच लागतो. आपल्याकडे केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचं वर्गीकरण ऐच्छिक आहे. महाबळेश्वरच्या हॉटेलावर ॲपमध्ये दिसणारे तीन स्टार बरेचदा ॲपनंच दिलेले असतात, तेव्हा पावसाळ्यात स्वस्त खोली दिसली तर आधी पावसाळ्यातलेच अभिप्राय वाचा, ओल तिथेच कळते.

पुढचं काम दिवाळीतलं. आत्या आणि काका न्यू जर्सीला, एडिसनच्या बाजूला जाणार आहेत. तिथे ऑफिसांच्या आसपासची साडेतीन स्टार हॉटेलं शनिवार-रविवारी ओस पडतात, आणि स्वयंपाकघर असलेली जास्त मुक्कामाची हॉटेलंही भरपूर आहेत. आत्या चार दिवस स्वतः रांधणार, तेव्हा माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. तरी साडेतीनच्या यादीचा तळही मी वाचायला घेतलाय. आयझेलिन आणि वुडब्रिजकडची तळाची हॉटेलं कुणी अलीकडे प्रत्यक्ष पाहिली असतील तर गालिचे, लिफ्ट आणि शेगडी या तीन गोष्टींबद्दल जरूर कळवा.