तुम्ही विचारलंत म्हणून: आधी फळ की आधी रंग?

मी इंग्रजी शिकवते हे कळलं की लोक हमखास विचारतात: 'ऑरेंज' हे नाव आधी फळाचं की रंगाचं?

फळाचं. जांभळावरून जांभळा आणि डाळिंबावरून डाळिंबी म्हणणाऱ्या आपल्याला हे पटायला वेळ लागू नये. इंग्रजीत फळाचं नाव रुळलं ते 1400 च्या आसपास. रंगाला ते लागायला सोळावं शतक उजाडलं. त्याआधी 'पिवळा-तांबडा' असा जोडशब्द होता, नाहीतर सरळ तांबडा म्हणून भागवायचे. रॉबिन पक्ष्याची छाती चांगली नारिंगी असते, तरी त्याचं जुनं नाव 'रेडब्रेस्ट'च आहे.

मला खरा जीव लावला तो मात्र या शब्दातून गळालेल्या 'न'ने. संस्कृतात नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज. अरबांनी कडू नारिंगाची झाडं स्पेन आणि सिसिलीत नेली, त्यांच्याबरोबर नावही गेलं. स्पॅनिशने 'नारांहा' म्हणत तो 'न' आजवर जपला आहे. फ्रेंचमध्ये येईपर्यंत मात्र तो मागच्या 'एक' या अर्थाच्या शब्दाला जाऊन चिकटला आणि उरलं 'ओरेंज'. सोन्याला फ्रेंचमध्ये 'ऑर' म्हणतात, त्याचाही हातभार लागला असणार. फळाचा रंगच तसा. इंग्रजीतला 'एप्रन'सुद्धा मुळात 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता लोक 'ॲन एप्रन' म्हणू लागले. वर्गात फळ्यावर हे दोन शब्द लिहून त्यांतला 'न' इकडून तिकडे सरकवून दाखवते, तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

संस्कृतातही हा शब्द बहुधा दक्षिणेतून आला, द्राविडी भाषांमधून. केरळात आजही 'नारंगा वेळ्ळम' मागितलं की लिंबू सरबत मिळतं. आपल्याकडे नागपूरच्या फळाला आपण संत्रं म्हणतो, पण रंग सांगताना नारिंगीच तोंडात येतं.

पुढे पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोड संत्रं युरोपभर आणि भूमध्य समुद्राकाठी पोहोचलं, आणि लोकांनी ते आणणाऱ्यांचंच नाव फळाला दिलं. तुर्कीत 'पोर्ताकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली'. ज्या अरबीने नारंज हा शब्द युरोपच्या हाती दिला, तिच्यातही आज गोड संत्र्याला 'बुर्तुकाल' म्हणतात. नारंज उरलं आहे ते कडू फळापुरतं.