वडापाव किती वाजता खाल्ला?

तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माणसाला कुणी राज्यघटनेचं कलम विचारत नाही. लोक विचारतात, “मॅडम, पोराला सकाळपासून ठाण्यात बसवून ठेवलंय. असं किती वेळ ठेवू शकतात?” त्याच्या पाठोपाठ दबक्या आवाजात दुसरा प्रश्न येतो, “वकील दिला तर साहेब चिडतील का?”

पहिल्याचं उत्तर कायद्यात आहे. दुसऱ्याचं साहेबावर अवलंबून आहे, आणि खरी फी त्या उत्तराचीच घ्यायला हवी.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी फौजदारी कामं करते. तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे वकील नाही त्यांच्यासाठी रिमांडला, म्हणजे अटक झालेल्याला कोठडीसाठी न्यायाधीशांपुढे आणतात तेव्हा, उभी राहते. यंदाच्या तुरीच्या हंगामात एका शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास एका मुलीचा फोन आला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. माझा नंबर तिला वस्तीवरच्या विधी स्वयंसेवक बाईंनी दिला होता. तिचा भाऊ मार्केट यार्डात हमाली करतो. एका आडतीवरून तुरीचे कट्टे गेले आणि सकाळी साडेनऊला पोलिसांनी यार्डातून त्याला गाडीत घालून नेलं. ठाण्यात ती दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा एकच उत्तर : “अटक नाही केली. चौकशीला बसवलंय. सोडतो संध्याकाळी.”

“मॅडम, मी मोबाईलवर व्हिडिओ काढू का? भाऊ खिडकीतून दिसतोय.”

हा प्रश्न हल्ली फार येतो. कायदा तिच्या बाजूने होता. वर्ध्याच्या एका प्रकरणात २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं आहे की शासकीय गुपिते कायद्यात ‘प्रतिबंधित ठिकाण’ म्हणून जी यादी आहे तीत पोलीस ठाणं बसत नाही, तेव्हा तिथे चित्रीकरण केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. तरी मी तिला नको म्हणाले. मोबाईल वर धरला की काउंटरवर बाचाबाची होते, आणि बाचाबाचीतून सरकारी कामात अडथळा. भारतीय दंड संहितेतलं त्याचं पूर्वीचं कलम, तीनशे त्रेपन्न, गावागावात लोकांना पाठ होतं, आता ते भारतीय न्याय संहितेत १३२ झालं आहे. भावाला सोडवायला गेलेली बहीण आत, हे मी पाहिलेलं आहे.

“मग काय करू?”

“ईमेल कर. आत्ता, उभ्या उभ्या.”

जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाला एक आणि प्रत विधी सेवा प्राधिकरणाला. मजकूर मी फोनवर सांगितला : भावाचं नाव, वय, कुठून नेलं, किती वाजता, गाडी कोणती, तो आत्ता ठाण्यात आहे, कोणत्या गुन्ह्यात आणि कोणत्या कलमाखाली ठेवलं आहे ते कळवावं. विशेषणं नकोत, ‘अन्याय’ हा शब्द नको. अर्ज ठाण्यातही द्यायचा, पण तिथे आवक शिक्का आणि वेळ मिळेलच याचा भरवसा नसतो. ईमेल स्वतःची वेळ स्वतः लिहितो. तो १२.१८ ला गेला. तिने आपणहून एक ओळ घातली होती : भावाला फिट्स येतात, सकाळी, दुपारी आणि रात्री गोळी लागते, दुपारची गोळी त्याच्यापाशी नाही. मी ती ओळ वाचली आणि पुढे सरकले. ती किती कामाची ठरणार आहे याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

फीचंही तिने विचारलं. कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न न बघता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. हे ऐकल्यावर बहुतेकांना वाटतं की फुकटचा वकील म्हणजे अर्धा वकील. तिलाही वाटलं असावं, कारण तिने विचारलं, “पण तुम्ही स्वतः याल ना?”

रात्री साडेआठला तिचा पुन्हा फोन. भावाला सोडलं नव्हतंच, वर आता आईला ठाण्यात बोलावलं होतं, ‘एका कागदावर सही करायला’. मावशी, म्हणजे तिची आई, निघायच्या बेतात होत्या, चप्पल घालून दारात उभ्या. त्यांना म्हटलं, बसा घरात. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला ती राहते त्या जागेखेरीज दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही, हे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. अटक करायची तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला करता येत नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण नाही गेले तर माझ्या लेकराला जास्ती मारतील का वो?”

या प्रश्नाला कलम नाही. म्हणून मी आणि ती मुलगी गेलो.

ठाणे अंमलदार जुने, ओळखीचे. माणूस वाईट नाही. त्यांनी खुर्ची दिली आणि म्हणाले, “मॅडम, अटकच नाही तर वकील कशाला?”

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटायचा हक्क देणारं त्याच संहितेचं कलम ३८ ‘अटक करून चौकशी’ करतानाच्या माणसाबद्दल बोलतं. घटनेच्या अनुच्छेद २२ मधली वकिलाची हमीही अटक झालेल्याला. म्हणजे अटक लिहिली नाही तोवर माणूस कागदावर मोकळा, वकिलाची गरज नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचे चोवीस तास मोजायला सुरुवात नाही, नातेवाइकाला कळवायचं बंधन नाही. प्रत्यक्षात तो बाकावर बसलेला, मोबाईल काढून घेतलेला, लघवीला जाताना बरोबर शिपाई.

मी म्हणाले, “अटक नाही ना? मग मी त्याला घेऊन जाते. ऊठ रे.”

पोरगा उठला नाही. त्याने अंमलदारांकडे बघितलं. अंमलदार म्हणाले, “साहेब आल्याशिवाय कसं?”

साहेब आले आणि रात्री ९.४० ची अटक लिहिली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालापासून, म्हणजे १९९६ पासून, अटकेच्या कागदावर वेळ, तारीख आणि साक्षीदाराची सही लागते. ती सगळी त्यात व्यवस्थित होती. वेळ तेवढी बारा तासांनी पुढची. मग एफआयआरची प्रत पाहिली. गुन्हा नोंदवल्याची वेळ संध्याकाळी ७.१०. पोरगा साडेनऊपासून आत, म्हणजे जवळजवळ दहा तास तो अशा गुन्ह्यासाठी बसला होता जो ठाण्याच्या दप्तरी अजून घडलाच नव्हता.

आडत्याची बाजू मला त्याच्याकडूनच कळली, तो तिथेच होता. वैतागला होता आणि त्याचा वैताग खरा होता. सकाळी तक्रार घेऊन आला तेव्हा त्याला सांगण्यात आलं, आधी बघतो, मग गुन्हा घेतो. दिवसभर दुकान बंद ठेवून बसला. ‘तक्रार घेत नाहीत, काय करू’ हा तर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की नोंद करायची, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सांगितलं. काही गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा नव्या कायद्याने दिली आहे, पण त्यालाही उपअधीक्षकांची परवानगी लागते, आणि परवानगी असली तर कागद असतो. इथे कागद नव्हता. ठाण्यात नोंद झालीच नाही तर तक्रार लेखी अधीक्षकांकडे पाठवायची, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हे मी आडत्यालाही सांगितलं. मुलीला ते आवडलं नाही. चोरीची तक्रार करणारा आणि चोरीचा संशय असलेला, दोघंही त्या दिवशी एकाच ठाण्यात वेळेची वाट बघत बसले होते, हे तिला त्या रात्री कसं पटावं?

अटकेनंतर वैद्यकीय तपासणीला ग्रामीण रुग्णालयात नेलं. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी नुसतं ‘जखम नाही’ लिहून कागद ढकलला नाही, काही आजार आहे का विचारलं. फिट्सचं कळल्यावर शेवटची गोळी कधी घेतली ते विचारलं आणि उत्तर लिहून ठेवलं : सकाळी घेतली, दुपारची व रात्रीची चुकली, सकाळपासून पोलीस ठाण्यात असल्याचे सांगतो. खाली वेळ, सही. मग गोळी दिली.

रविवारी दुपारी चारच्या पुढे त्याला रिमांडला आणलं. हातात बेडी. साध्या चोरीत, आधीचा गुन्हा नसताना, पळून जायचा इतिहास नसताना बेडी घालता येत नाही. नव्या संहितेत बेडीला परवानगी आहे ती ठरावीक प्रकारच्या गुन्ह्यांत आणि सराईतांना. हे सांगितल्यावर शिपायाने किल्ली शोधली. अटकेची कारणं लिहिलेला कागद मात्र कोर्टाच्या दारात माझ्या हातात आला. गेल्या नोव्हेंबरात, ६ नोव्हेंबर २०२५ ला, मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे : कुठलाही गुन्हा असो, अटकेची कारणं लेखी, त्या माणसाला कळेल त्या भाषेत द्यायची, लगेच देणं शक्य नसेल तर रिमांडच्या किमान दोन तास आधी तरी. आमच्या कागदावर होतं ‘सखोल तपासासाठी’ आणि ‘पुराव्यात छेडछाड करू नये म्हणून’. नाव बदललं की हा कागद कुठल्याही आरोपीला चालला असता.

पोलिसांनी पाच दिवसांची पोलीस कोठडी मागितली, मुद्देमाल हस्तगत करायचा म्हणून. मी ईमेल, एफआयआरची वेळ आणि डॉक्टरांचा कागद पुढे केला. सरकारी वकील म्हणाले, तो सकाळी स्वतःहून चौकशीला आला होता, अटक रात्रीची आहे, चोवीस तास उलटलेले नाहीत. स्वतःहून आला तर बोलावल्याची नोटीस कुठे, हे मी विचारलं. मुंबई उच्च न्यायालयाचा १९९० चा अशक हुसेन निकालही वाचला. माणसाची हालचाल रोखली तिथे अटक सुरू होते, अधिकारी ती कधी लिहितो त्यावर ती ठरत नाही, हे त्यात साफ आहे. पण सरकारी वकिलांचंही बरोबरच होतं की सकाळपासून रोखला होता हे सांगणारी कागदपत्रं शेवटी त्याच्या आणि बहिणीच्याच तोंडची होती.

न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?”

पोराने नेहमीचं उत्तर दिलं, “नाही साहेब.”

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर रागही येत नाही. मागे उभ्या असलेल्यांच्या गाडीतूनच परत जायचं असतं. न्यायाधीशांनी फाईल मिटली नाही. वर न बघता त्यांनी विचारलं, “काल दुपारी जेवलास का?”

“वडापाव खाल्ला.”

“कुठे?”

“ठाण्यात. त्या शिपाईमामांनी आणून दिला,” असं म्हणून त्याने चक्क बोट दाखवलं.

“किती वाजता?”

“दोन वाजले असतील. मामा म्हणले, उपाशी राहू नको.”

कोर्टात कुणीतरी खोकलं. न्यायाधीशांनी शिपायाला विचारलं, दिला का? तो साधा, पन्नाशीचा माणूस. त्याने तपासी अंमलदारांकडे पाहिलं, मग समोर पाहिलं आणि म्हणाला, “दिला सर. लेकरू सकाळपासून उपाशी होतं.”

तक्रार म्हणून विचारलं असतं तर दोघांपैकी एकही बोलला नसता. विचारला गेला तो एक उपकार, आणि उपकार लपवायचं कुणाला सुचत नाही. मी कितीही निवाडे वाचले असते तरी हा प्रश्न मला सुचला नसता.

पोलीस कोठडी नाकारली गेली. आदेशात लिहिलं गेलं की अटकेची नोंदलेली वेळ आहे तशी धरता येत नाही. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक न करता चौकशीला बोलावणारी कलम ३५ ची नोटीस का दिली नाही याचा खुलासा नाही. अटकेची कारणं वेळेत दिलेली नाहीत. वैयक्तिक बंधपत्रावर सुटका, तपासाला हजर राहायची अट, आणि ठाण्याचं शनिवारचं सीसीटीव्ही चित्रण जपून हजर करण्याचा हुकूम. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार ठाण्यातलं चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी ठेवायचं असतं.

कट्टे त्याने नेले की नाही हे मला आजही ठाऊक नाही. मावशींनी बाहेर विचारलं, “म्हणजे सुटला ना?” केस सुटलेली नाही, तो घरी चालला आहे, एवढंच मी सांगितलं. चारच दिवसांत त्याला रीतसर नोटीस आली, तो गेला, जबाब देऊन परत आला. पहिल्याच दिवशी हे करता आलं असतं.

त्या शिपायाची बदली होईल अशी कुजबुज होती. अजून झालेली नाही.

सीसीटीव्हीचं लेखी उत्तर आलं : सदर दिवशी यंत्रणा नादुरुस्त होती. बाजार समितीच्या फाटकावरचा कॅमेरा मात्र चालू होता. त्यात नऊ वाजून बावीस मिनिटांनी गाडी आत जाताना आणि थोड्या वेळाने बाहेर पडताना दिसते. ते चित्रण पुरावा कायद्याच्या प्रमाणपत्रासह मागवावं असा अर्ज आम्ही दिला आहे. सचिवांनी प्रत द्यायची तयारी दाखवली आहे, कारण कट्टे चोरीला गेले त्या रात्रीचं चित्रण त्याच पेटीत आहे आणि आडत्यालाही तेच हवं आहे.