माळ नुसता का ठेवलाय?

राहायला ठाण्यात, नौपाड्यात, आणि नऊ एकर माळ माण तालुक्यात. त्यावर ना डाळिंब, ना प्लॉट. ‘जमीन नुसती का ठेवलीय?’ हे तुम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारलंत, तलावपाळीवर विचारलंत, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

नुसती नाहीच ती. सातबारावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला न येणारी, असं लिहिलंय, त्यावर जाऊ नका. पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, हातभर खाली मुरूम. नांगर घातला तर दोन वर्षं बाजरी, मग धूळ. गवत मात्र टिकतं: पवना, मारवेल, कुसळी. मागच्या खेपेला मोज्यांत कुसळं घेऊनच घरी आलो. बायको वैतागली. त्यातलं एक मी बशीतल्या पाण्यात टाकलं, तर पीळ सुटत ते गरागरा नाही, पण हळूहळू फिरायला लागलं. पहिल्या पावसात ते असंच फिरत फिरत स्वतःला मातीत पेरून घेतं. मुलगी अर्धा तास टेबलावरून हलली नाही.

पावसाळ्यात गावातल्या एका धनगराची मेंढरं तिथं चरतात, कुसळं धरायच्या आत. नंतर ती तोंडाला टोचतात. पैसे मी घेत नाही. बदल्यात तो दोन रात्री मेंढरं माझ्या भावाच्या रानात बसवतो, लेंडीखत होतं. दिवाळीनंतर त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, कोकणात उतरतो.

‘मग जमीन कायमची अशीच राखून ठेव की,’ असं एक वकील मित्र म्हणाला. इथंच घोडं अडतं. तिकडं अमेरिकेत वाट निघाली: ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या सीमेवर मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप १९९४ मध्ये उभा राहिला, तो पशुपालकांचाच. त्यांचा सौदा असा: दुष्काळात शेजारच्या मोठ्या रँचवर, म्हणजे चराईच्या मळ्यावर, गुरं चारायची आणि बदल्यात आपल्या जमिनीचे तुकडे पाडून बांधकाम करायचा हक्क कायमचा सोडायचा. मालकी तशीच राहते, जमीन विकताही येते, पण अट नव्या मालकालाही बांधते.

आपल्याकडं २००२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात समुदाय राखीव क्षेत्र आलं, लोकांनी आपणहून राखायला दिलेल्या जमिनीसाठी, खासगीसुद्धा. पण मी ‘राखीव’ म्हटलं की भावाला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आठवतं. ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात लोकांची शेतं, व्यवहार अडलेले. शेवटी ते १,२२२ वर आणावं लागलं. त्याची भीती खोटी म्हणवत नाही.

म्हणून ‘माळ असाच ठेवा’ एवढं सध्या फक्त मृत्युपत्रात लिहिलंय. मुलगी म्हणते, ‘लिहा, बाबा, पण मी ऐकेनच असं नाही.’ ते कुसळ मात्र तिनं काडेपेटीत जपून ठेवलंय.