अकरा पाइप खाली: बोअरच्या मोटारीच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

पुरंदर तालुक्यात, सासवड गावाच्या बाहेरच्या अंगाला आमची चौदा सदनिकांची लहानशी सोसायटी आहे. पिण्याचे पाणी नळाला येते, पण ते जपून वापरावे लागते. धुणे, भांडी, अंघोळ, संडास हा बाकीचा सगळा वापर आवारातील एकाच बोअरवर चालतो. हे बोअर २००७ साली इमारतीबरोबरच घेतलेले आहे आणि सोसायटीची सचिव या नात्याने त्याच्या आत पाइपांना टांगून पाण्यात बुडवलेल्या मोटारीचे बटण गेली पाच वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ही मोटार बंद पडली आणि ती पुन्हा चालू होईपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत जे पाहिले, शिकले आणि जे माझ्याच हातून चुकले होते, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

पहाटे साडेपाचला मी हिरवे बटण दाबले. एरवी अँमीटरची सुई क्षणभर वर उसळते आणि मग दहा अँपिअरच्या आसपास स्थिरावते. त्या दिवशी ती वर गेली आणि वरच राहिली, पॅनेलमधून घुमल्यासारखा आवाज आला आणि पाच-सहा सेकंदांत ओव्हरलोडच्या संरक्षक स्विचने मोटारीची वीज तोडली. व्होल्टेज २२५ होते, म्हणजे वीज कमी दाबाने येत असल्याचा संशय फिटला. मी दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेच झाले. तिसऱ्यांदा बटणाकडे गेलेला हात मात्र मी मागे घेतला, कारण फिरू न शकणाऱ्या मोटारीला प्रत्येक वेळी वीज दिली की तिच्या वायंडिंगमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांमधून, नेहमीच्या कित्येक पट प्रवाह जातो आणि जे वाचण्यासारखे असेल तेही जळते, एवढे मला ठाऊक होते. मी मुख्य स्विच बंद केला, कटआउट काढून घरी आणले आणि पॅनेलच्या दारावर ‘कोणीही चालू करू नये’ असा कागद चिकटवला. हा कागद अनाठायी नव्हता. सातच्या सुमारास दोन जण पॅनेलपाशी जाऊन आल्याचे नंतर कळले.

गच्चीवरच्या दहा हजार लिटरच्या टाकीत जेमतेम तिसरा हिस्सा पाणी होते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटरचा निकष धरतात, त्या हिशेबाने आमच्या ४८ जणांना ते अर्धा दिवसच पुरले असते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांसाठी धरलेल्या ५५ लिटरच्या हिशेबाने मात्र एक दिवस निघत होता. म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास पाणी सोडायचे ठरवले आणि संध्याकाळसाठी एक टँकर सांगून ठेवला. टँकरवाल्याला मी पाणी कोठून भरणार हे विचारले. त्याने एका विहिरीचे नाव सांगितले. टाकीत दहा हजार लिटर झाल्यावर पंचवीस ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओतून तासभर व्हॉल्व्ह उघडला नाही.

दरम्यान दुरुस्ती करणाऱ्यांना फोन चालू होते. पहिल्याने जागेवर न येताच मोटार जळाल्याचा निर्वाळा दिला आणि दुपारी नवी मोटार घेऊन माणसे पाठवतो म्हणाला. दुसऱ्याने आठ दिवसांनंतरची वेळ दिली. तिसरे एक वयस्क मिस्त्री होते; त्यांनी अँमीटरची सुई किती अंशावर थांबली, मोटार किती अश्वशक्तीची, किती पाइप सोडलेले आहेत असे प्रश्न विचारले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. “असू द्या काकू, आधी वरून बघू, मग काढायचं ठरवू,” असे ते म्हणाले. या एका वाक्यावर मी त्यांना बोलावले. बोअरमधून मोटार काढणे हे दिवसभराचे आणि जोखमीचे काम असते, आणि पॅनेलमधला एक कपॅसिटर बदलून जे भागले असते त्यासाठी ते केले, असे या परिसरात अनेकदा घडलेले आहे.

दुपारी मिस्त्री आले. त्यांनी आधी दोन्ही कपॅसिटर बदलून पाहिले. मोटार तशीच घुमली. मग केबलच्या तिन्ही तारा पॅनेलमधून सोडवून मीटरने दोन-दोन तारांमधला रोध मोजला. सिंगल फेज मोटारीत दोन वेटोळी असतात, त्यामुळे तीन मापांपैकी दोन लहान मापांची बेरीज मोठ्या मापाइतकी यायला हवी. ती आली नाही. शेवटी मेगर, म्हणजे तारेवरचे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र, लावला. तार आणि जमीन यांच्यातला रोध निदान एक मेगओहम हवा, तेथे काटा शून्याजवळच राहिला. म्हणजे खाली कोठेतरी इन्सुलेशन गेले होते. परंतु ते केबलमध्ये, जोडात की मोटारीत, हे वरून सांगता येण्यासारखे नव्हते. मोटार काढावीच लागणार होती.

याच वेळी त्यांनी पॅनेलच्या आतल्या एका लहान डबीकडे बोट दाखवले आणि ती कोणी ‘डायरेक्ट’ केली, असे विचारले. ती ड्राय रन प्रिव्हेंटरची डबी होती आणि तिच्या दोन टोकांमध्ये तारेचा एक तुकडा जोडलेला होता, म्हणजे डबीला वगळून वीज थेट जात होती. पाणी संपले की पंपावरचा भार कमी होतो, भार कमी झाला की मोटार कमी अँपिअर घेते, आणि प्रवाह ठरावीक आकड्याखाली गेला की ही डबी मोटार बंद करते. त्याआधीच्या मे महिन्यात ती दर अर्ध्या तासाने मोटार बंद करत होती, लोक मला फोन करत होते आणि बघायला आलेल्या वायरमनने ‘डबी खराब आहे, काढून टाकू का’ असे विचारले तेव्हा मी होकार दिला होता. मिस्त्रींना मी तसे सांगितले. त्यांनी मान हलवली आणि उद्या सकाळी सातला येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तीन माणसे, लोखंडी तिवई, चेनपुली, दोन क्लॅम्प आणि पाइप पाने घेऊन टेम्पो आला. आमचे पाइप सव्वा इंची जीआयचे, वीस फुटी. असा एक पाइप साधारण एकोणीस किलोचा असतो. पंपाच्या तोंडाशी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असल्याने त्यात पाणीही भरलेले राहते, ते पाइपमागे सुमारे सहा लिटर. किती पाइप असतील हे माहीत नसल्याने एकूण वजनही माहीत नव्हते, तेव्हा मिस्त्रींनी दोनशे साठ फूट धरून तिवईचे पाय पक्क्या जागी रोवले. काम एका लयीत चालते: चेनपुलीने एक पाइप वर घ्यायचा, दोन पाइप जोडणाऱ्या सॉकेटच्या खाली दुसरा क्लॅम्प आवळून सगळा भार केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या रुंद नळाच्या, तोंडावर टेकवायचा, वरचा पाइप फिरवून सोडवायचा. तो सुटला की आतले पाणी माणसांच्या अंगावर येते. खालचा क्लॅम्प निसटला तर उरलेले सगळे पाइप मोटारीसह खाली जातात आणि मग ते गळाने पकडून वर काढण्याचे वेगळेच काम सुरू होते. म्हणून नायलॉनचा दोर प्रत्येक वेळी बाजूच्या खांबाला बांधला जात होता.

चौथ्या पाइपला सगळे अडले. साखळी ताणली, तिवई करकरली, पण पाइप वर येईना. आमच्यातील एका सभासदाने शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर आणण्याची तयारी दाखवली. मिस्त्रींनी ती ठाम नाकारली. त्यांचा अंदाज असा, की पाइपला केबल बांधणाऱ्या पट्ट्या कुजून तुटल्या असाव्यात आणि सैल झालेली केबल पंप आणि बोअरची भिंत यांच्यामध्ये गोळा होऊन पाचरीसारखी बसली असावी. अशा वेळी जोर लावला की पाचर आणखी घट्ट होते, नाहीतर पाइपचे आटे सुटतात. त्यांनी पाइप वर ओढण्याऐवजी दोन फूट खाली सोडला, केबल वरून हलक्या हाताने ताणून धरली, पाइप किंचित फिरवला आणि पुन्हा वर घेतला. फिरवताना दिशा एकच, आटे आवळले जातील ती. उलट फिरवला तर बोअरच्या आत कोणता सॉकेट सुटेल हे सांगता येत नाही. हे खाली-वर तासाहून अधिक चालले. आवारातील मुलेसुद्धा गप्प बसून पाहत होती. अखेर एक हिसका बसला आणि पाइप मोकळा झाला. पंप वर आला तेव्हा अंदाज खरा ठरला: दोन हात केबल सोलवटून त्याच्याभोवती गुंडाळलेली होती.

पाइप मोजले, ते अकरा भरले. म्हणजे मोटार २२० फुटांवर होती. वजन बांधलेली दोरी सोडून पाहिली तर पाणी १९५ फुटांवर लागले आणि तळ २३२ फुटांवर. बोअर घेतानाच्या पावतीत खोली २४० फूट होती, तेव्हा आठ फूट गाळ साठला होता. जोड कापून केबल वेगळी तपासली; सोलवटलेला भाग सोडून ती चांगली निघाली. मोटारीचा मेगर शून्य. पंपाचा दांडा हाताने फिरेना, आणि पंप उघडल्यावर वरच्या टप्प्यांमधले प्लास्टिकचे इम्पेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारी चक्रे, वितळून एकमेकांना चिकटलेले दिसले. पाण्याशिवाय फिरल्याची ही खूण होती. या मोटारीला थंडही पाणीच ठेवते आणि तिच्या बेअरिंगला वंगणही पाण्याचेच असते. बटण दाबल्यावर नळातून हवा फुसफुसत होती आणि सुई थरथरत होती, हे मी आदल्या आठवड्यात पाहिले होते आणि उन्हाळा आहे म्हणून सोडून दिले होते.

त्या रात्री सभा झाली. वायंडिंग भरून घ्यायला तीन दिवस लागणार होते आणि इम्पेलर तरीही नवे घ्यावे लागले असते, म्हणून नवा पंपसंच घेण्यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो दोन सूचनांवर. एकाला दीडऐवजी तीन अश्वशक्तीची मोटार हवी होती. पण बोअरला पाणी येते ते खडकातल्या भेगांमधून, त्याच्या वेगाने, मोटार मोठी केली तर तेच पाणी लवकर उपसून संपते. दुसऱ्याला पाचशे फुटांचे नवे बोअर घ्यायचे होते. आपल्याकडे खाली बेसाल्टचा कातळ. वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांच्या खाली पाणी लागेलच असे नाही, आणि महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये साठ मीटरपेक्षा जास्त खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणून वेगळी बंधने आहेत, हे मी वाचून दाखवले. डबी ‘डायरेक्ट’ करण्याला मीच संमती दिली होती, हेही सभेत सांगितले. त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग वर्गणीचा आकडा ठरला.

तिसऱ्या दिवशी दीड अश्वशक्तीचाच संच आणला. पाण्याची पातळी, त्यावर गच्चीपर्यंतची उंची आणि पाइपमधील घर्षण धरून ७५ ते ८० मीटर हेड, म्हणजे पाणी चढवण्याची एकूण उंची, लागत होते, त्यावरून दुकानदाराकडे टप्प्यांची संख्या तपासून घेतली. बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी मोटारीचा बूच काढून तीत स्वच्छ पाणी भरले, मोटार हलवून बुडबुडे जाऊ दिले, पुन्हा भरले. ही मोटार कोरडी सोडली तर पहिल्याच दिवशी जाते. केबलचे तीन जोड एका रेषेत न येता मागेपुढे येतील असे कापले, प्रत्येकावर आधी रबर टेप आणि मग पीव्हीसी टेप गुंडाळली, तो जोड बादलीत बुडवून मेगर पाहिला. आट्यांना सुतळी आणि सफेदा लावत अकरा पाइप पुन्हा उतरले. खाली तळ जवळ असल्याने मोटार आणखी खोल नेण्याला वाव नव्हता. दर दहा फुटांवर केबल पाइपला नव्याने बांधली.

चाचणी घेताना पाणी गच्चीवर न नेता दोनशे लिटरच्या पिंपात सोडले. पिंप साडेचार मिनिटांत भरले, पण चाळीस मिनिटांनी सुई खाली येऊ लागली. मग वरचा गेट व्हॉल्व्ह आवळत नेला आणि पिंप भरायला आठ मिनिटे लागतील इतका ठेवला. या वेगाने, म्हणजे तासाला दीड हजार लिटर, दोन तास सलग उपसूनही पाणी तुटले नाही. प्रिव्हेंटरची डबी नवी बसवली आणि तिचा आकडा चालत्या मोटारीच्या अँपिअरवरून ठरवला. संध्याकाळी बोअरमधल्या सुमारे अडीचशे लिटर पाण्यासाठी ऐंशी ग्रॅम ब्लीचिंग पावडरचे निवळ आत ओतले, रात्रभर तसेच राहू दिले आणि चौथ्या दिवशी सकाळी वास जाईपर्यंतचे पाणी बागेबाहेरच्या गटारात सोडून मग टाकी भरली.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद आहे: पाइप अकरा, मोटार २२० फूट, तळ २३२ फूट, एप्रिलची पातळी १९५ फूट, व्हॉल्व्ह किती आटे उघडा, सुई कोठे असावी. मे महिन्यात डबीने सहा वेळा मोटार बंद केली आणि सहाही वेळा मला फोन आले. दीड तास थांबा, एवढेच मी सांगितले. ऑगस्टमध्ये दोरी सोडली तेव्हा पाणी ११० फुटांवर लागले. त्या दिवशी व्हॉल्व्ह दोन आटे उघडला आणि कागदावर तशी नोंद केली.